मामा जबडे वाचतात

नऊ जूनला, सोमवारी, ताईंच्या मुलीने नऊ हजार आठशे पन्नास रुपयांची सायकल घेतली. पैसे तिचे स्वतःचे होते. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने ते दोन वर्षांत साठवले होते. त्यामुळे पैशांबद्दल बोलायला ताईंना जागा नव्हती. सायकलबद्दल बोलायला होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली.

"परत करून ये."

"परत घेत नाहीत. पावतीवरच छापलंय."

"मग विकून टाक."

"आई, सकाळी साडेसहाची पाळी आहे. पहिली बस सातला. मी काय उडत जाऊ?"

मुलगी वीस वर्षांची. मोठ्या रुग्णालयात परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी दोनशे बारा अर्ज आले होते, अठरा जणींना घेतले, त्यांत ती अकरावी. सोळा तारखेला, सोमवारी, सुरुवात. पहिल्या दिवशी साडेसहाच्या हजेरीला जी नसेल तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला मिळेल, असे पत्रात स्वच्छ लिहिले होते. घरापासून रुग्णालय साडेसहा किलोमीटर. रिक्षाने रोज जायचे म्हटले तर प्रशिक्षणात मिळणारे विद्यावेतन रिक्षावाल्याच्याच हातावर ठेवावे लागले असते, वर घरातून भर घालावी लागली असती ती वेगळीच. मुलीचे वडील दुसऱ्या गावी गोदामावर नोकरीला होते आणि महिन्यातून दोनदा येत. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "तुम्हा दोघींच्या मध्ये पडायला मी काय स्पीडब्रेकर आहे?" आणि फोन ठेवून मोकळे झाले.

ताईंची भीती हवेतली नव्हती. त्या दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. दवाखान्यांतून रुग्णांच्या तोंडाची मापे येत, त्यांवरून प्लास्टरचे साचे बनत, आणि त्या साच्यांवर मेणात एकेक दात बसवून कवळी उभी करणे हे ताईंचे काम. बावीस वर्षे त्या हेच करत होत्या. त्यांच्या टेबलामागे एक फळी होती. अपघातात दात गेलेल्यांचे साचे त्या फळीवर वेगळे ठेवत, कारण त्यांना वेळ जास्त लागे. गेल्या बारा महिन्यांत असे एकोणीस साचे ताईंच्या हाताखालून गेले होते, आणि त्यांतले अकरा सायकलवाल्यांचे होते. कुणाच्या पुढ्यात उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले होते, कुणाला मागून येणारा आरसा घासून गेला होता, कुणाला वळणावर दाबले होते. साचा हातात घेतला की हनुवटी हँडलवर आपटली होती की डांबरावर, हे ताई सांगू शकत. अशा बाईच्या दाराशी कोरी करकरीत सायकल येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी ती परत करायला सांगितली यात नवल नव्हते.

"तुझे वरचे चार दात मला बसवायला लावू नकोस," एवढेच बोलून ताई त्या रात्री झोपायला गेल्या. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी मामांना गाठले.

लॅबमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत. मालकही म्हणत, आणि मालक मामांपेक्षा चार वर्षांनी मोठे होते. मामांचे वय एकसष्ट. अंगाने काटकुळे, शर्ट इस्त्रीचा, उजव्या पायाच्या पँटला लोखंडी चाप. तयार झालेल्या कवळ्या दवाखान्यांत पोचवायच्या आणि तिथली नवी मापे घेऊन यायचे, हे त्यांचे काम. त्यासाठी सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची एक पेटी कायमची आवळलेली होती. आत सोळा कप्पे, प्रत्येक कप्प्याला स्पंजचे अस्तर. शहरभर विखुरलेले दवाखाने, रोजची पस्तीस-एक किलोमीटरची फेरी, आणि अशी सत्तावीस वर्षे. तेवढ्या काळात मालकांच्या तीन मोटारी ठोकून झाल्या होत्या. मामांच्या पेटीत एकदाही दात फुटला नव्हता. ही गोष्ट लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, पण रोजचे घड्याळ बरोबर चालते म्हणून जसे कुणी त्याच्याकडे टक लावून बघत नाही, तसे मामांकडेही कुणी बघितले नव्हते. ताईंनीही नाही.

"मामा, एक काम होतं. जरा वाईट काम आहे."

"चांगली कामं मालक सांगतात. वाईट तुम्ही सांगा. बोला."

"मुलीला घाबरवायचंय. तिनं सायकल घेतलीय. तुम्ही रस्त्यावर काय काय बघितलंय ते सगळं तिला सांगा. रक्तबिक्त काही ठेवू नका मागे. तिनं नाद सोडला पाहिजे."

मामांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि मान हलवली.

"घाबरलेला माणूस सायकलवरून सगळ्यांच्या आधी पडतो, ताई. ते काम मी करणार नाही. तीन दिवस तिला माझ्या मागे पाठवा. त्यानंतरही तुम्हाला नको वाटलं, तर मी स्वतः तिला सांगेन की सायकल विक. माझं ऐकेल ती."

"माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल?"

"मी तिची आई नाही ना!"

ताईंना हसू आले आणि रागही आला. पण दुसरा मार्ग सुचत नव्हता. मामांनी शब्द दिला होता, आणि मामा शब्द फिरवणाऱ्यांतले नव्हते. तीन दिवस जाऊ देत, मग नको म्हणता येईल, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

बुधवारी संध्याकाळी मुलगी घरी आली ती फुरंगटून.

"दोन तास सायकलवर बसूच दिलं नाही मला! फुटपाथवर उभं केलं चौकात. म्हणाले, भाचीबाई, येणारी प्रत्येक गाडी आता काय करणार ते सांगा. वळणार, थांबणार, का घुसणार. पन्नास गाड्या मोजल्या. माझ्या एकोणीस बरोबर आल्या."

"आणि त्यांच्या?"

"पन्नास."

"पन्नासच्या पन्नास?"

"आई, ते दिवे बघतच नाहीत. ते जबडे बघतात."

ताईंना वाटले, मुलगी थट्टा करते आहे. पण गुरुवारी ती आली तेव्हा तिच्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता. शेजारी कुणी नाही आणि जबडा हलतोय, म्हणजे तो फोनवर आहे. त्याला आपण दिसलो तरी दिसत नाही. तोंड अर्धवट उघडं आणि मान वाकडी, म्हणजे घराचा नंबर शोधतोय. तो कुठल्याही क्षणी थांबणार. जबडा संथ हलतोय, म्हणजे खातोय. चाकावर एकच हात. जबडा आवळलेला, गालाचं हाड वर आलेलं, म्हणजे उशीर झालाय. तो मध्ये घुसणार, त्याला घुसू द्यायचं.

"आणि काळ्या काचेची गाडी?" ताईंनी विचारले. विचारायचे नव्हते, तोंडातून गेले.

"जबडा दिसला नाही तर उतरायचं. मामा म्हणतात, उतरण्यात कमीपणा नाही, उचलून नेण्यात आहे." मग मुलीने आईकडे निरखून बघितले. "आत्ता तू जबडा आवळलास. म्हणजे आता तू नाही म्हणणार."

"जेव मुकाट्यानं."

शुक्रवारी पन्नासपैकी चव्वेचाळीस बरोबर आल्या. ताईंच्या मनात मात्र काही हलले नव्हते. चव्वेचाळीस बरोबर आल्या म्हणजे सहा चुकल्या, आणि अशाच चुकलेल्या सहांपैकी एखादी त्यांच्या फळीवर येऊन बसते. त्यांनी शनिवारचा आणखी एक दिवस मागून घेतला, आणि या वेळी स्वतः बरोबर जायचे ठरवले. एका दवाखान्यात रुग्णाच्या दातांचा रंग जुळवायला त्यांना जायचेच होते. मालक हो म्हणाले. प्लास्टरच्या खोलीतल्या माणसाने आपली जुनी सायकल दिली. ताई लग्नाआधी सायकल चालवत असत. त्याला तेवीस वर्षे झाली होती. लॅबच्या आवारात त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे दारात उभे राहून बघत होते.

"ताई, ब्रेक हाताखाली आहेत, पायाखाली नाहीत," प्लास्टरवाला ओरडला.

"तुझी सायकल मोडली तर तुझ्याच प्लास्टरात घालून देईन," ताई म्हणाल्या.

मामा पेटी भरत होते. एकेक डबी उघडून आतली कवळी बघायची, चिठ्ठी वाचायची, डबी कप्प्यात बसवायची. ताईंनी विचारले, "मामा, हे जबड्याचं खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

मामांनी आपला वरचा ओठ बोटाने वर केला. पुढचे दोन दात, रंगाने बाकीच्यांशी अगदी मिळालेले. ताईंनी सत्तावीस वर्षांपूर्वीचे काम क्षणात ओळखले. त्यांच्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराचा हात होता तो.

"नोकरीचा पहिला महिना," मामा म्हणाले. "एका गाडीनं उडवलं. पेटी रिकामी होती म्हणून वाचली. हे दोन गेले आणि जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचा-खालचा जबडा तारेनं बांधून टाकला, आठ आठवडे. बोलता येईना, चावता येईना. नळीनं पातळ प्यायचं. खोलीची खिडकी चौकावर. करणार काय? बघत बसलो. सकाळी सात ते दिवेलागणीपर्यंत. स्वतःचं तोंड बंद, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडाकडेच लक्ष जायचं. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, गाडी काही करायच्या आधी माणसाचं तोंड ते करतं. आधी तोंड, मग हात, मग गाडी. मध्ये एवढाच वेळ असतो." त्यांनी चिमूट दाखवली. "पण तेवढा पुरतो."

ते हे सगळे पेटीचे झाकण लावता लावता बोलले, जणू कुलूप कुठल्या दुकानातून आणले ते सांगत होते. आठ आठवडे! रोज अकरा-बारा तास, एका खिडकीशी, मुक्याने. ताईंनी मनात गुणाकार केला: सहाशेहून जास्त तास. आपण बावीस वर्षे या माणसाच्या हातात डब्या देत आलो आणि त्याला एकदाही हे विचारले नाही, याची त्यांना लाज वाटली.

साडेनऊला तिघे निघाले. पुढे मामा, मध्ये ताई, मागे मुलगी.

पहिल्या अर्ध्या तासात ताईंना रस्ता दिसलाच नाही. हँडल घट्ट धरले होते, दातखीळ बसल्यासारखी झाली होती, आणि मागून हॉर्न वाजला की त्या ब्रेक दाबत होत्या. मग हळूहळू त्यांच्या कानावर मामांचा आवाज येऊ लागला. मामा पुटपुटत होते. मोठ्याने नाही, जप करावा तसे.

"हा बोलतोय... बोलू दे. हिला घर सापडत नाही, थांबेल... थांबली. पांढरी गाडी, आत डोकं हललं, दार उघडेल."

दार उघडले. एक गृहस्थ मागे न बघता रस्त्यात उतरले आणि खिसे चाचपत उभे राहिले. मामा त्या दारापासून हातभर लांबून आधीच निघून गेले होते. ब्रेक नाही, शिवी नाही, घंटासुद्धा नाही. उभ्या मोटारींच्या रांगेपासून ते सदैव एका दाराएवढे अंतर ठेवून चालत, आणि त्या अंतरात जणू पट्टी आखली असावी अशी त्यांची चाके सरळ जात.

वळायचे असले की ते आधी मान पूर्ण मागे वळवत. ताईंना वाटले, मागे गाडी आहे का ते बघत असतील.

"गाडी आहे ते कानाला कळतं," मामा एका सिग्नलला म्हणाले. "मान मी त्यांच्यासाठी वळवतो. पाठीला कुणी भीत नाही, ताई. चेहरा दिसला की त्यांना माणूस आहे असं आठवतं."

आणि ते खरे होते! ताईंनी पुढच्या चौकापासून मोजायला सुरुवात केली. मामांनी मान वळवली की मागची मोटार थोडी मंदावे, थोडी बाजूला होई. बारा वेळा वळवली, अकरा वेळा असे झाले. बाराव्या वेळी मामा म्हणाले, "याचा जबडा आवळलाय, जाऊ दे," आणि कडेला उभे राहिले. मोटार हॉर्न ठोकत सुसाट गेली. पुढच्या सिग्नलला तीच मोटार उभी होती. मामा तिच्या मागे जाऊन थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचेही काही नव्हते.

बावीस वर्षांत ताईंच्या हातातून हजारो जबडे गेले होते. पण ते प्लास्टरचे, थंड, एकाच जागी थांबलेले. आज पहिल्यांदा त्यांना ते चालताना दिसत होते. मोटारींच्या काचांमागे ओळीने जबडे: बोलणारे, चघळणारे, जांभया देणारे, दातओठ खाणारे. एक जण आरशात बघून दात कोरत होता, आणि त्याची मोटार तोवर आपली आपण पुढे सरकत होती. एक बाई मागच्या सीटवरच्या मुलांना रागवत होत्या, तोंड पूर्ण मागे. एवढ्या लोखंडाला, एवढ्या वेगाला असे हे तोंडावर चालणारे लोक सांभाळत होते, आणि त्यांच्या मधून इस्त्रीचा शर्ट घातलेला एक काटकुळा माणूस सोळा कप्प्यांची पेटी घेऊन सत्तावीस वर्षे जात-येत होता. ताईंना घाम आला होता, पाय भरून आले होते, पण भीतीच्या जागी आता दुसरेच काही येऊन बसले होते. देवळात शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलतो, तशा त्या हळू चालवू लागल्या.

तिथेच त्यांचे भान सुटले.

दवाखान्यातले रंगाचे काम झाले होते. परतीला मोठ्या चौकाच्या अलीकडे सिग्नल लाल होता. डावीकडे एक ट्रक उभा होता. मामा ट्रकच्या मागे थांबले, ट्रकच्या आरशात आपण दिसू अशा बेताने थोडे उजवीकडे. परतीला मुलगी मध्ये होती. ती त्यांच्या मागे थांबली. सगळ्यात शेवटी ताई. त्याही थांबणारच होत्या. पण ट्रकच्या डाव्या अंगाने, पुढे, डावीकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक मोटार उभी असलेली त्यांना दिसली. आतला माणूस शेजारच्या माणसाशी बोलताना खदखदून हसला, आणि ताईंनी दात ओळखले.

त्यांनीच बसवलेले होते. दोन वर्षांपूर्वी, वरची-खालची पूर्ण कवळी. त्या माणसाने स्वतःचा तरुणपणीचा फोटो पाठवला होता आणि पुढच्या दोन दातांत तशीच बारीक फट हवी म्हणून हट्ट धरला होता. ती फट ठेवायला ताईंना तीन दिवस लागले होते. कवळी पेटीतून जाते आणि कुठल्या तोंडात जाऊन बसते ते लॅबमधल्या माणसाला कधी दिसत नाही. आज समोर, उन्हात, ती फट हसत होती. पण खालचा उजवा सुळा किंचित वर होता का? का तो माणूसच तसा हसत होता?

ताईंची सायकल आपोआप पुढे गेली. ट्रकच्या डाव्या बाजूने, फुटपाथच्या आणि ट्रकच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून, थेट ट्रकच्या पुढच्या चाकापर्यंत. तिथे त्यांनी एक पाय फुटपाथच्या कडेवर टेकला, मान पुढे काढली आणि सुळा बघू लागल्या.

"आई, मागे ये!"

"एक मिनिट," ताईंनी न बघता हात हलवला.

"आई! तो फोनवर आहे!"

कोण फोनवर आहे ते ताईंच्या डोक्यात शिरले नाही. हसणारा माणूस तर फोनवर नव्हता. मामांनी ट्रकच्या मागच्या फळीवर तळहाताने तीन-चार थापा मारल्या. ट्रकने दाद दिली नाही. सिग्नल हिरवा झाला.

पुढचे सगळे ताईंना नंतर मुलीने आणि मामांनी सांगितले, तेव्हा क्रमाने कळले. ट्रकने डावीकडे वळायचा दिवा लावलेला नव्हता. पण मुलीला ट्रकच्या उजव्या आरशात ड्रायव्हरचा जबडा दिसला होता, एकसारखा हलणारा. आणि खाली पुढचे चाक उभ्या जागीच डावीकडे वळवून ठेवलेले दिसले होते. तो सरळ जाणार नाही आणि त्याला आई दिसणार नाही, हे तिने सिग्नल लाल असतानाच वाचले होते. तिने आपली सायकल तिथल्या तिथे टाकली आणि फुटपाथवरून पळत सुटली होती.

ताईंना एवढेच आठवत होते की उन्हात एकाएकी सावली आली. उजवीकडची भिंत चालू लागली होती. त्याच क्षणी मागून दोन हात काखेत शिरले, आणि आपण पोते असल्यासारख्या त्या मागे फुटपाथवर ओढल्या गेल्या. दोघी एकमेकींवर पडल्या. खाली मोठ्ठा आवाज झाला. ट्रकचे मागचे चाक प्लास्टरवाल्याच्या सायकलच्या पुढच्या चाकावरून गेले. ट्रक वळून निघून गेला. त्याला काही कळले होते असे त्याच्या जाण्यावरून वाटले नाही.

"अहो बाई, रस्त्याकडे बघत जा की! जीव नकोसा झालाय का?" समोरच्या मोटारीतून तो माणूस ओरडला. त्याचे हसू गेले होते, चेहरा पांढराफटक होता. आपणच बसवलेल्या दातांकडून ताईंनी बोलणी खाल्ली. आणि ओरडताना सुळा अगदी बरोबर जागेवर होता, हेही त्यांना दिसले.

मग त्यांनी चेपलेल्या चाकाकडे बघितले.

मुलीच्या दोन्ही कोपरांची सालटी निघाली होती. ती आईचे डोके, खांदे, घोटे दाबून दाबून बघत होती. "इथे दुखतं? इथे? बोटं हलव. माझ्याकडे बघ." आवाज घाईचा होता, पण हात घाईचे नव्हते. ताई तिच्याकडे बघत राहिल्या. हे पोर काल-परवापर्यंत रस्ता ओलांडताना आपला पदर धरत होते, आणि आज त्याने एका परक्या माणसाचा जबडा वाचून आपल्याला ओढून काढले. ज्या गोष्टीपासून तिला लांब ठेवायची आपली धडपड चालली होती, तीच तिला आपल्यापेक्षा कितीतरी चांगली समजते आहे! त्यांनी मुलीच्या हनुवटीला हात लावला, साच्याला लावतात तसा, दोन्ही अंगठ्यांनी. हाड सलग होते. दात जागेवर होते.

मामा येऊन शेजारी उकिडवे बसले. त्यांचाही श्वास लागला होता. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडली असावी.

"मला दिसला होता तो," ते हळू म्हणाले. "चाकही दिसलं होतं. पण माझे पाय एवढ्या लवकर निघाले नसते, ताई." मग मुलीला म्हणाले, "भाचीबाई, पन्नासपैकी आज पन्नास."

मुलगी तेव्हा रडली.

चौकापासून थोड्या अंतरावर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. रिम गेली होती, ट्यूब-टायर गेले होते, निम्म्या तारा वाकल्या होत्या. दुकानदाराने चाक उलटसुलट करून बघितले, आठशे पासष्ट रुपये सांगितले आणि कामाला बसला. ताई स्टुलावर बसून पाणी पीत होत्या.

शेवटी मामांनी विचारले, "ताई, मी शब्द दिला होता. बोला. तिला सायकल विकायला सांगू?"

मुलगी दाराशी होती. तिने वळून बघितले नाही, पण कोपर पुसणारा तिचा हात थांबला. सोळा तारीख परवावर आली होती. ताईंनी पेला खाली ठेवला. इतके साचे, इतकी वर्षे, ती फळी, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. भीती कुठे गेली नव्हती; आत्ताच तर ती अंगावरून जाता जाता राहिली होती. पण त्या चौकात कोण कुठे थांबले होते, हेही त्यांनी पाहिले होते.

"तिला नका सांगू," ताई म्हणाल्या. "मला सांगा."

"तुम्हाला काय सांगू?"

"की पुढच्या वेळी कुणाचे दात बघायचे असले तर आधी सायकलवरून उतर म्हणून."

दुकानदाराला काही कळले नाही, पण तिघे हसले म्हणून तोही हसला. मुलगी हसताना दाराच्या चौकटीला कपाळ टेकून उभी होती.

रविवारी मामा सुट्टी असून आले. रुग्णालयाचा रस्ता त्यांनी मुलीबरोबर सकाळी, ज्या वेळी ती रोज जाणार त्याच वेळी निघून, दोनदा पायाखालून घातला. तीन ठिकाणी उतरून चालायचे असे ठरले. पाठीला उजेडात चमकणारी पट्टी मुलीने स्वतः शिवली.

सोमवारी पाच चाळीसला ती निघाली. ताई कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. रस्ता मोकळा होता, आणि म्हणूनच गाड्या वेगात होत्या. मुलीला उजवीकडे जायचे होते. मागून दुधाची गाडी येत होती. मुलीने मान पूर्ण मागे वळवली, हात लांब केला आणि क्षणभर त्या ड्रायव्हरकडे नीट बघितले. गाडी मंदावली. ड्रायव्हरने दोन बोटे वर करून तिला जायला सांगितले. ती एवढीशी सायकल त्या एवढ्या थोरल्या गाडीच्या पुढून आपल्या चालीने वळली, आणि वळणापलीकडे गेली.

ताई तिथेच उभ्या राहिल्या. सहा वाजून अठरा मिनिटांनी फोन आला.

"पोचले. हजेरीच्या वहीत सही झाली. आई, कोपऱ्यावरच उभी आहेस ना अजून?"

"नाही गं, घरी आहे," ताई म्हणाल्या, आणि घराकडे वळल्या.

प्लास्टरवाल्याला त्याची सायकल शनिवारीच पोचली होती. दुकानदाराला सातशे रुपये ताईंनी दिले होते, कारण पर्समध्ये तेवढेच होते. उरलेले मामांनी भरले. मामांचे एकशे पासष्ट रुपये अजून द्यायचे आहेत.